उरण लोकल: तासाला एक गाडी असेल तर माणसं बसणार कशी?

द्रोणागिरीची_लेक | १४ जुलै २०२५, रात्री १०:४०

आज पुन्हा नेरूळला गाडी चुकली, म्हणून हा धागा.

मी घणसोलीला नोकरी करते, राहते द्रोणागिरीत. ठाण्याकडून येणारी गाडी आज चार मिनिटं उशिरा नेरूळला लागली. भरल्या पुलावरून वाट काढत, ओल्या पायऱ्यांवरून छत्री काखेत मारून पळत पलीकडे उतरले, तर उरण गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर निघालेला. मागचा लाल दिवा दिसला तेवढाच. माझ्याबरोबर आणखी सात-आठ जण असेच धावत आले होते. एक बाई कडेवर लेकरू घेऊन होत्या. गाडी एक मिनिट थांबली असती तर आम्ही सगळे आत असतो.

१२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण रेल्वे सुरू झाली तेव्हा आमच्या घरी पुरणपोळी केली होती, हे खरं सांगते. दीड वर्ष झालं. फलाट ऐसपैस, मार्ग दुहेरी, वाटेत फाटक नाही. आणि दुपारच्या गाडीत डब्यात मोजून सहा माणसं. मग लोक म्हणतात, "बघा, उरणला रेल्वेची गरजच नव्हती." हे ऐकलं की जीव तुटतो. माणसं नाहीत म्हणून गाड्या वाढवत नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून माणसं येत नाहीत. ही गाठ सोडवायची कुठून? जे रोज जातात त्यांनी लिहा. ज्यांनी सोडून दिलं त्यांनी तर नक्की लिहा.

सीवूड्सकर | १४ जुलै, रात्री ११:०२

बेलापूरला का नाही गेलात? दोनच स्टेशनं पुढे. तिथूनही उरण गाडी सुटते.

द्रोणागिरीची_लेक | १४ जुलै, रात्री ११:१०

@सीवूड्सकर, गेले. ती गाडी सुटायला पंचावन्न मिनिटं होती. शेवटी शेअर रिक्षा आणि बस करत घरी पोचले नऊ वाजता.

रूळावरचा | १४ जुलै, रात्री ११:३५

गोम या दोन फाट्यांतच आहे. नकाशावर उरण मार्ग इंग्रजी वायसारखा दिसतो. एक हात नेरूळहून सीवूड्समार्गे येतो, दुसरा बेलापूरहून, आणि पुढे एकत्र होऊन खाडी ओलांडून उलव्यात शिरतो. उरणपर्यंत मार्ग सुरू झाला तेव्हा दोन्ही दिशा धरून ४० फेऱ्या दिल्या. म्हणजे उरणकडे जाणाऱ्या २०. पहाटेपासून रात्रीपर्यंत सतरा तास धरले तर उरणच्या माणसाला सरासरी पन्नास मिनिटांनी गाडी दिसते. पण त्या २० गाड्या दोन हातांत वाटल्या की नेरूळला उभ्या असलेल्याच्या वाट्याला १० येतात. त्याच्यासाठी अंतर दीड तासाच्या वर गेलं!

"तासाला एक गाडी" हे उरणच्या टोकाला खरं आहे. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्याला ते लागू नाही. गाडी चुकली की तो पुढच्या वेळी स्टेशनकडे फिरकतच नाही.

मोऱ्याचा_तांडेल | १५ जुलै, सकाळी ६:१५

आमचा प्रवास लाँचचा. मोरा ते भाऊचा धक्का, निम्मं आयुष्य त्यात गेलं. मोरा बंदरात गाळ एवढा की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. पंचांग बघून ऑफिसला जायचं. अमावास्या-पुनवेच्या आसपास साहेबांना आधीच सांगून ठेवायचं, उद्या उशीर होणार. पावसाळ्यात वारा उठला की तेही नाही.

म्हणून रेल्वे आली तेव्हा माझी आई, वय वर्षं ऐंशी, पहिल्या आठवड्यात कोटनाक्याला, म्हणजे उरण स्टेशनला, गाडी बघायला आली होती. फलाटावर उभी राहून "गारी आयली रं, गारी आयली" म्हणत हात जोडले तिने. मी अजूनही लाँचने जातो, कारण मला डॉकयार्डला उतरायचं असतं आणि लाँचची वेळ मला पाठ आहे. रेल्वेची वेळ पाठ होईल अशी नाहीच. कधी तासाच्या पाचव्या मिनिटाला, कधी पस्तिसाव्या.

खोपोलीकर | १५ जुलै, सकाळी ८:५०

तुमचं दुःख आम्हाला घरचं आहे. खोपोली एके काळी फाटा नव्हतीच, मुख्य मार्गाचं टोक होती. मुंबईहून गाडी खोपोलीपर्यंत यायची, पुढे घाट पालखीत नाही तर तट्टावर बसून चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी. १८६३ साली बोरघाटातून रूळ गेले आणि खोपोली बाजूला पडली. आता कर्जतपासून १५ किलोमीटर, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. तेही एकेरी मार्गावर.

आमच्याकडे गाड्या वाढवायच्या तर आधी रूळ टाकावे लागतील. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर थांबायलाच लागतं. तुमच्याकडे दुहेरी मार्ग तयार पडला आहे. वीज आहे, सिग्नल आहेत, स्टेशनं आहेत. तुमची अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती आमच्यापेक्षा दहा पटीने सोपी आहे. सोडू नका.

उलवे_सेक्टर_कुठलाही | १५ जुलै, सकाळी ९:२०

थोडा वेगळा सूर लावतो. खारकोपरपर्यंत गाडी रिकामी नसते. २०१८ च्या नोव्हेंबरात पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा उलव्यात निम्म्या इमारती अंधारात होत्या. आज सकाळी बामणडोंगरीला चढून बघा, बसायला मिळत नाही. रिकामी होते ती खारकोपरच्या पुढे. मग खारकोपरला परतणाऱ्या जादा गाड्या सोडा की. सगळ्याच उरणपर्यंत कशाला पळवायच्या?

आगरी_माणूस | १५ जुलै, सकाळी ९:४१

@उलवे, हे पटलं नाही दादा. जमिनी गेल्या जासईच्या, नवघरच्या, बोकडविऱ्याच्या, जसखारच्या. १९८४ च्या जानेवारीत भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले ते याच मातीसाठी. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं, आणि आम्ही तेव्हापासून कंटेनरच्या ट्रेलरमागे धूळ खात एसटीतून पनवेल गाठतोय. मार्ग मंजूर झाला नव्वदच्या दशकात, गाडी आली २०२४ ला. आता कुठे शिट्टी ऐकू आली, तर तुम्ही म्हणता खारकोपरहून मागे फिरा?

उलवे_सेक्टर_कुठलाही | १५ जुलै, सकाळी ९:५८

दादा, गैरसमज झाला. उरणची एकही गाडी कमी करा असं म्हणत नाहीये. आहेत त्या राहू द्या, मधल्या वेळात खारकोपरपर्यंतच्या घाला, एवढंच. पण जमिनीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो. माझी सोसायटी ज्या जागेवर उभी आहे तिथे आधी कुणाचं शेत होतं हे मला माहीतसुद्धा नाही.

आगरी_माणूस | १५ जुलै, सकाळी १०:०५

भात आणि मिठागरं. या एकदा घरी, सांगतो सगळं. जिताडं खाऊ घालतो.

चटणीभाकर | १५ जुलै, सकाळी १०:०९

जिताड्याचं आमंत्रण सगळ्या धाग्याला आहे ना?

रूळावरचा | १५ जुलै, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत हिशेब करून बघितला. नेरूळ किंवा बेलापूर ते उरण साधारण चाळीस मिनिटं धरा, टोकाला दहा मिनिटं थांबा. एक रेक, म्हणजे डब्यांची एक अख्खी गाडी, शंभर मिनिटांत जाऊन-येऊन परत पहिल्या जागी. म्हणजे दोन रेकमध्ये पन्नास मिनिटांनी गाडी निघते, जी आज मिळते आहे. चार रेक दिले की पंचवीस मिनिटांनी. सबंध मार्गाची सेवा दुप्पट करायला दोन रेक आणि त्यावरचे मोटरमन, गार्ड.

दोन रेक ही लहान गोष्ट नाही, हेही सांगतो. सकाळी आठ ते अकरा हार्बरवर एक रेक जरी काढला तरी मानखुर्द-गोवंडीला लोक लटकायला लागतील. म्हणून गर्दीच्या वेळेची मागणी पुढच्यासाठी ठेवा. दुपारी अकरा ते चार आणि रात्री नऊनंतर मागा. त्या वेळात काही रेक उभे असतात. त्यातले थोडे देखभालीला जातात, पण सगळे नाही. जे द्यायला सोपं ते आधी मागावं.

कोकणभवनवाली | १५ जुलै, दुपारी २:१५

रूळावरचा, तुमचा हिशेब पटला. पण दुपारच्या गाड्या वाढवून काय होणार? दुपारी प्रवास करतं कोण?

करंजा_बंदर | १५ जुलै, दुपारी ३:००

@कोकणभवनवाली, आम्ही करतो ताई. माझी बायको करंजाहून मासळी घेऊन बेलापूरला बसते. पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन जाते, लगेज डब्यातून. माल अकरा-साडेअकराला संपतो. मग रिकामी टोपली घेऊन गाडीची वाट बघत फलाटावर बसते. ऊन, बर्फाचं पाणी साडीवर सांडलेलं, आणि समोर तासभर काही नाही. घरी पोचून स्वयंपाक, जाळं विणणं, पहाटे परत तेच. तिचा तो एक तास वाचला तर ती दुपारी आडवी होईल.

दुपारच्या गाडीत शाळेची पोरं असतात, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं असतात, दुसऱ्या पाळीचे कामगार असतात. ऑफिसवाल्यांच्या नजरेला पडत नाहीत, इतकंच.

कोकणभवनवाली | १५ जुलै, दुपारी ३:१२

चुकलंच माझं. धन्यवाद, हे कळायला हवं होतं.

झुरिकहून_मंदार | १५ जुलै, सायंकाळी ७:४०

मूळचा पनवेलचा, आता अकरा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये. इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८२ मध्ये या देशाने ठरवलं की गाड्या ठरावीक मिनिटालाच सोडायच्या. सात वाजून पाच मिनिटांनी गाडी असेल तर आठ-पाचला, नऊ-पाचला, रात्रीसुद्धा तेच. आणि मोठ्या स्टेशनात सगळ्या दिशांच्या गाड्या थोड्या आधी येतात, थोड्या नंतर निघतात, म्हणजे बदलणाऱ्याला पूल ओलांडायला वेळ मिळतो. डोंगरातल्या गावाची पिवळी पोस्टाची बस गाडीच्या वेळेलाच स्टेशनबाहेर उभी असते.

मी राहतो तिथेही अर्ध्या तासालाच गाडी आहे, मुंबईच्या मानाने काहीच नाही. पण घड्याळ बघायची वेळ येत नाही, मिनिट पाठ आहे. मोऱ्याच्या काकांनी वर लिहिलंय ना, वेळ पाठ होत नाही म्हणून, मला वाटतं सगळ्या धाग्यातलं मुद्द्याचं वाक्य तेच आहे.

जुना_हार्बरकर | १५ जुलै, रात्री ८:२२

स्वित्झर्लंडची लोकसंख्या किती, आपली किती! तिथे मानखुर्दला रुळावर पाणी भरतं का? रविवारी मेगाब्लॉक असतो का? हार्बर वीस मिनिटं उशिरा धावली तर उरण गाडीने वीस मिनिटं थांबायचं? मग उरणहून परत येणारी वीस मिनिटं उशिरा, तिच्यावर अवलंबून असलेले सगळे उशिरा. कनेक्शन कनेक्शन म्हणणं सोपं आहे.

झुरिकहून_मंदार | १५ जुलै, रात्री ८:५०

मुद्दा रास्त आहे. वीस मिनिटं नाहीच थांबायचं. तीन-चार मिनिटांची मर्यादा ठेवायची. समोरच्या फलाटावर गाडी लागलेली दिसते आहे, लोक पुलावर आहेत, तेवढ्यापुरतं. त्याहून उशीर झाला तर सोडून द्यायची. दुहेरी मार्गावर, एवढ्या विरळ गाड्या असताना, तीन मिनिटं उरणपर्यंत जाताना भरून निघतात.

द्रोणागिरीची_लेक | १५ जुलै, रात्री ९:०५

आणि मला एकच मिनिट हवं होतं.

जुना_हार्बरकर | १५ जुलै, रात्री ९:११

तीन मिनिटं असतील तर माझा विरोध नाही. पण थेट सीएसएमटी-उरण गाडीची मागणी कोणी करू नका, ही विनंती. दर सहा महिन्यांनी कोणीतरी ती करतं. थेट गाडी म्हणजे हार्बरचा सगळा उशीर उरणपर्यंत वाहत जाणार. आत्ता निदान उरणचा तुकडा वेगळा आहे म्हणून वेळेवर तरी धावतो.

सीवूड्सकर | १५ जुलै, रात्री ९:३०

थेट गाडी एक तरी हवी असं माझं मत होतं, पण हा प्रतिसाद वाचून बदललं. वेळेवरची बदलायची गाडी बेभरवशाच्या थेट गाडीपेक्षा बरी.

चारफाट्याचा_रिक्षावाला | १५ जुलै, रात्री १०:१५

मी रिक्षा चालवतो, तरी गाड्या वाढाव्यात असंच म्हणतो. आता काय होतं? गाडी येते, ऐंशी-शंभर माणसं एकदम उतरतात, आम्ही पंधरा रिक्षा. दहा मिनिटांत सगळं खल्लास, मग पुढची गाडी येईपर्यंत आम्ही माशा मारत बसतो. कोण थांबणार तासभर? निम्मे रिक्षावाले बाजारात निघून जातात, आणि पुढच्या गाडीला फलाटाबाहेर दोनच रिक्षा. माणसं म्हणतात उरणला उतरून पुढे जायला काही मिळत नाही. अर्ध्या तासाने गाडी आली तर आम्ही तिथेच उभे राहू. आमचाही धंदा, त्यांचीही सोय.

बससुद्धा गाडी बघून सुटत नाही. गाडी शिरताना बस निघून जाताना मी रोज बघतो.

नवघरची_सून | १५ जुलै, रात्री १०:४०

रात्रीचं कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. मी बेलापूरला रुग्णालयात नर्स आहे. दुसरी पाळी संपवून हस्तांतर करून निघायला साडेनऊ होतात. तेव्हाची गाडी चुकली की पुढच्या गाडीचा भरवसा नाही. महिलांच्या डब्यात न्हावा-शेवाच्या पुढे मी एकटी असते कित्येकदा. पहिले काही दिवस भीती वाटायची, आता होमगार्डचे दादा ओळखीचे झालेत. माझ्या तीन मैत्रिणींनी याच कारणाने गाडी सोडली आणि बेलापूरलाच खोली घेतली, पगारातले नऊ हजार भाड्यात घालतात. गाड्या जास्त असतील तर बाया जास्त असतील, आणि बाया जास्त असतील तर भीती आपोआप कमी होईल. रात्री दोन गाड्या वाढल्या तरी आम्ही दहा-बारा जणी परत येऊ, हे मी नावानिशी सांगू शकते.

आगरी_माणूस | १५ जुलै, रात्री १०:५५

वहिनी, रेल्वेला पत्र लिहू तेव्हा हे त्यात जायलाच हवं.

पामबीच_ड्रायव्हर | १५ जुलै, रात्री ११:२०

अटल सेतू आहे ना आता? त्याच दिवशी उद्घाटन झालं दोन्हींचं. शिवडी वीस मिनिटांत. रेल्वेवर एवढा जीव कशाला?

मोऱ्याचा_तांडेल | १६ जुलै, सकाळी ५:५५

सेतू २१.८ किलोमीटरचा, देखणा आहे, मी लाँचमधून रोज बघतो. पण त्यावर रिक्षा चालत नाही, दुचाकी चालत नाही, आणि गाडीवाल्याला टोल. करंजाच्या ताईंनी टोपली घेऊन सेतूवरून कसं जायचं ते सांगा.

रूळावरचा | १६ जुलै, सकाळी ९:०५

सेतूशी भांडण नको. नवी मुंबई विमानतळाकडे बघा. तो सुरू झाला की त्याच्या सगळ्यात जवळचं स्टेशन तरघर, आणि ते याच मार्गावर आहे. इमारत उभी आहे, गाडी न थांबता पुढे जाते. गव्हाणचंही तेच. तरघर उघडेल तेव्हा विमानतळावर काम करणारी हजारो माणसं पाळ्यांमध्ये येणार-जाणार. सफाईवाले, सामान चढवणारे, सुरक्षारक्षक, सगळे काही गाडीने येणार नाहीत. त्या वेळी फेऱ्या वाढतीलच. माझी भीती एवढीच की त्या तरघरपर्यंत वाढतील आणि पुढचा तुकडा आहे तसा राहील. म्हणून मागणी आत्ता गेली पाहिजे.

कोकणभवनवाली | १६ जुलै, सकाळी ९:४०

मी सरकारी पत्रव्यवहारात केस पांढरे केलेत, मसुदा मी करते. पण पत्रात "गैरसोय होते" असं लिहून चालत नाही, आकडा लागतो. नेरूळ आणि बेलापूरला किती माणसांची गाडी दोन-चार मिनिटांनी चुकते, हे कोणी मोजलंय का? रिकामे डबे सगळ्यांना दिसतात. फलाटावर राहून गेलेली माणसं कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. तिकीट काढून परत बाहेर पडलेला माणूस तर नाहीच नाही. एक आठवडा आपण मोजूया. वही घ्या, तारीख, हार्बर किंवा ठाणे गाडी आली ती वेळ, उरण गाडी सुटली ती वेळ, मागे राहिलेली माणसं. एवढे चारच रकाने.

आणि मागण्या तीनच लिहिते. दुपारी आणि रात्री फेऱ्या वाढवून दोन्ही फाट्यांवर ठरावीक मिनिटाला गाडी. नेरूळ-बेलापूरला जास्तीत जास्त तीन मिनिटं थांबून जोडगाडीची माणसं घेणं. उरणला गाडीच्या वेळेवर बस. चौथी मागणी घातली की पहिल्या तीन बाजूला पडतात, हा माझा अनुभव आहे.

सीवूड्सकर | १६ जुलै, सकाळी १०:००

नेरूळ संध्याकाळ माझ्याकडे. सोमवार ते बुधवार, साडेपाच ते आठ.

नवघरची_सून | १६ जुलै, सकाळी १०:२०

बेलापूर रात्री मी आणि माझी एक मैत्रीण. तसंही तिथेच बसलेल्या असतो.

उलवे_सेक्टर_कुठलाही | १६ जुलै, सकाळी १०:२५

खारकोपरच्या पुढे डब्यात किती माणसं उरतात ते मी रविवारी सकाळी उरणपर्यंत जाऊन मोजतो. मुलांनाही नेतो, त्यांनी उरण पाहिलेलंच नाही.

आगरी_माणूस | १६ जुलै, सकाळी १०:३१

रविवारी येताय? मग जिताड्याचं पक्कं. कुठल्या गाडीने येता ते कळवा, घ्यायला स्टेशनवर येतो.

द्रोणागिरीची_लेक | १६ जुलै, रात्री ९:१५

नेरूळला आज पहिल्या दिवशीच वही घेऊन उभी राहिले. ठाणे गाडी आली ६:४७, उरण गाडी सुटली ६:४८. मागे राहिले अकरा जण. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, काय लिहितेस गं? सांगितल्यावर म्हणाले, माझं नाव पहिलं लिही. रकाना फक्त आकड्याचा आहे, पण शेवटच्या पानावर लिहून घेतलंय. उद्या सकाळी बेलापूरला कोण आहे?

करंजा_बंदर | १६ जुलै, रात्री ९:२२

माझी बायको. तिला लिहिता येत नाही, ती काड्या मारून आणेल. मी इथे टाकतो.